मानाची पट्टी आणि मातीचं पाखरू

मंडळी, बसा! पुढं सरका, पुढं! अहो, खांबाला टेकलेले काका — सोडा त्या खांबाला, तो पडत नाही! तुम्ही नव्हता तेव्हाही उभा होता!

नमस्कार गाभाऱ्यातल्या मूर्तीला, नमस्कार तुमच्या हृदयातल्या मूर्तीला, आणि तिसरा नमस्कार बाहेर काढून ठेवलेल्या तुमच्या चपलांना! हसू नका! त्या कीर्तन संपेपर्यंत जागच्या हलत नाहीत — आणि तुमचं मन? ते केव्हाच उठून त्यांच्याकडे बघायला गेलंय! आहेत की गेल्या? बरोबर ना?

तर आजचा प्रश्न ऐका. सुगरण बाई असते. वर्षानुवर्षं पुरणपोळी लाटते, कधी फुटत नाही. पण व्याही जेवायला आले — की पोळी फुटलीच! पोरगं वर्षभर घोकतं, उत्तर बरोबर लिहितं, आणि घंटा व्हायच्या आत तेच उत्तर खोडून चुकीचं लिहून येतं! हात तोच, पीठ तेच, डोकं तेच. मग चुकलं कुठं? जीव तोडून कष्ट करणाऱ्या माणसाचा नेम ऐन वेळी का हुकतो? दोष कुणाचा — हाताचा? नशिबाचा? का देवाचा?

देवाचा म्हणायला आपण सगळ्यात पुढं! तो बिचारा उलट बोलत नाही ना!

पेटी धरा, सदाशिवराव. ओळ घेऊ. ही ओळ कुणा संताची नाही हो, माझी स्वतःची आहे. म्हणून चुकली तर मला हसा.

बघ जे बघायचे, सोड जे सुटायचे,
उरले फुटायचे, फुटेल रे!

काय फुटेल? थांबा. डोकं नाही! पाखरू फुटेल. मातीचं पाखरू. तुम्हाला वाटलं असेल, बाई आता पुराणातला कोणी धनुर्धर काढणार. नाही! आज मी एक दुनळी बंदूक काढणार आहे — आणि ती आहे एका पोरीच्या हातात!

मंडळी, ऐका. घाटमाथ्यावर पांगारदरा नावाचं गाव. कौलारू घरं, करवंदाच्या जाळ्या, आणि टेकडीच्या पायथ्याला रानजाई देवीचं देऊळ. चैत्रात जत्रा. पूर्वी त्या जत्रेला पारध निघायची. सगळं गाव ढोल बडवत रानात शिरायचं, जनावर उठवायचं, आणि बार टाकायचा मान दळव्यांच्या घराचा. जे पडेल ते देवीपुढं आणायचं.

एका साली दळव्यांच्या रामजीनं बार टाकला. भेकर पडलं. जवळ जाऊन बघतो तर — गाभण! रामजी तिथंच खाली बसला. मग उठला, देवळात गेला, बंदूक देवीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, “आई, आजपासनं जित्या जिवावर माझा बार न्हाई.”

गाव खवळलं! देवीची रीत मोडतोस? कोप झाला तर? तेव्हा गावचा कुंभार उठला. शहाणा माणूस! म्हणाला, “मी मातीची पाखरं करून देतो. ती हवेत उडवा, दळव्यानं फोडावीत.” मग ठराव झाला. तीन पाखरं उडवायची, एका पाखराला एकच बार. दोन फुटली तर देवीला पारध पोचली म्हणायची — नारळावर जत्रा! दोन नाही फुटली, तर देवीला बोकड.

आणि त्या पहिल्या साली रामजी दळवी उभा राहिला, तो डाव्या डोळ्यावर लाल पट्टी बांधून! तिन्ही पाखरं फोडली! तेव्हापासून त्या घरात जो बंदूक उचलेल त्यानं आधी लाल पट्टी बांधायची. तिचं नावच पडलं — मानाची पट्टी. रामजीनं ती का बांधली होती? हं! ते मी पुढं सांगणार आहे. विसरले तर आठवण करा, दक्षिणा कापू नका!

पिढ्या गेल्या. बोकड कापायची वेळ एकदाही आली नाही. कारण कुंभाराचा माणूस टेकडीच्या आडून हातानं पाखरू भिरकावायचा. ते आपलं डुलत डुलत यायचं, लग्नाच्या वरातीसारखं! एका डोळ्यानंही फुटायचं.

पण पुढं गावातली मुंबईकर मंडळी सुधारली! त्यांच्या मंडळानं देवीला पाखरं उडवायचं यंत्र भेट दिलं. स्प्रिंगचं! लोखंडी हाताचं! वर मंडळाचं नाव देवीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत! त्या यंत्रातून कुंभाराच्या पाखराच्या जागी कारखान्यात केलेली नारिंगी तबकडी सुटते ती — सर्रकन! बघता बघता करवंदीच्या जाळीपलीकडे!

यंत्र आल्यावरच्या पहिल्या जत्रेला उभे राहिले रामजीचे नातू, खेमाजी दळवी. भला माणूस. मिशा अशा की माशी बसायला घाबरावी. पट्टी बांधली, बंदूक उचलली, पाखरू सोडायची हाक दिली, देवीच्या नावानं — “रानजाईऽऽ!” सर्रकन पाखरू. ठो! गेलं. दुसरं — ठो! गेलं. तिसरंही गेलं.

मंडळी, ढोल थांबले.

मग बोकड आणला. कुणाचा? खेमाजींच्याच गोठ्यातला. त्यांची एकुलती एक लेक केशर — तिनं त्या बोकडाला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, कारण त्याची आई व्याल्यावर उठलीच नाही. राजा नाव त्याचं. केशरनं हाक मारली की राजा यायचा. त्या दिवशी दुसऱ्यांनी ओढला तर तो हलेना. तेव्हा गावचे मोरबा पाटील म्हणाले, “केशर, तूच हाक मार की.” आणि तिनं मारली! गावापुढं नाही म्हणवलं नाही तिला. तो आला. शेपूट हलवत आला!

पुढचं मी सांगत नाही. तुमच्या घरात पोरंबाळं आहेत.

त्या दिवशी केशरच्या मनात जे बसलं ते दुःख होतं, राग होता, आणि सगळ्यात जास्त लाज होती — की मी हाक का मारली? त्यात पाटलांनी तिथंच जाहीर केलं, “पुढल्या जत्रंला बी हुकलं तर मातीची पाखरं कायमची बंद. दरसाल बोकड. देवीनं कौल दिलाय म्हणायचा.” आणि पुढच्या सालासाठी बोकडही ठरवून टाकला — राजानंतर गोठ्यात आलेला बंड्या! केशरचाच!

खेमाजी घरी आले आणि बंदूक खुंटीला लावली. “माझ्यानं आता हुयाचं न्हाई,” म्हणाले. केशर म्हणाली, “आबा, मग मी उभी ऱ्हाते.”

झालं! पाटील म्हणाले, “बाईमाणसानं देवीपुढं बंदूक उचलायची?” अहो पाटील! गाभाऱ्यात जी उभी आहे, आठ हातांत आठ हत्यारं घेऊन — ती काय तुमचे काका आहेत? पण केशर एवढंही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, “दळव्यांचा मान हाय. मी दळवीच हाय.” आणि मान घराचा होता, मिशांचा नव्हता!

आता ही केशर कोण? सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध केंद्रावर फॅट तपासणारी पोर. पाणी घातलेलं दूध तिच्यापुढून सुटत नसे. हट्टी! मनात आणलं की आणलंच. तिनं रीतसर परवानगी काढली, आणि जिल्ह्याच्या गावाबाहेर, माळावर, जिथं शौकीन लोक तबकड्या फोडायला येतात त्या मैदानावर जाऊन उभी राहिली. तिथं शिकवायला फौजेतून आलेले सुभेदार तावरे. बुटके, पोट सुटलेले, डोक्यावर लोकरी टोपी — उन्हाळ्यात सुद्धा! हिनं पायाला हात लावला, गोष्ट सांगितली. म्हणाली, “काका, मला जत्रंच्या आत शिकवा. बंड्याला वाचवायचाय.”

सुभेदार म्हणाले, “आधी उडव बघू.”

केशरनं खिशातून लाल पट्टी काढली, डाव्या डोळ्यावर बांधली आणि काडतुसांचा डबाच्या डबा रिकामा केला. फुटल्या किती? बोटावर मोजण्याइतक्या! घामानं डबडबली. म्हणाली, “काका, वारा आडवा हाय.” मग म्हणाली, “ऊन डोळ्यावर येतंय.” मग म्हणाली, “बंदुकीचा दस्ता मला मोठा हुतोय.”

सुभेदार म्हणाले, “व्हय गं व्हय! वारा वाईट, ऊन वाईट, बंदूक वाईट. हितं चांगलं काय ते तू एकटीच!”

नाचता येईना अंगण वाकडं! आपणही तेच म्हणतो ना? सासू वाईट, साहेब वाईट, शेजारी वाईट, ग्रह वाईट! मंगळाला तर आपण इतक्या शिव्या दिल्या की तो लाल झाला!

मग सुभेदारांनी एकच प्रश्न विचारला. प्रश्न कसला, बारच तो! “बार टाकताना बघत काय हुतीस?”

“बंदुकीचं टोक, काका. टोकावरचा पितळी मणी. बराबर पाखरावर येतोय का न्हाई ते.”

“टोक उडतंय काय?”

“न्हाई.”

“टोक कुठं पळून जाणार हाय?”

“न्हाई, काका.”

“मग त्याच्याकडं कशापायी बघतीस? जे उडतंय त्याच्याकडं बघ की, बाई!”

मंडळी, ध्यान द्या! बंदूक हाताला जोडलेली, हात डोळ्याला जोडलेला. डोळा जिथं जातो तिथं हात आपोआप जातो. आमचे तबलजी बघा. नरहरपंत, वाजवताना बोटांकडे बघता का हो? बघा, मान हलवतायत! ते बघतात माझ्या तोंडाकडे — बाई आता कुठं थांबणार! बोटांकडे बघितलं की ठेका गेलाच. पाखरू उडतंय, बंदूक त्याच्यासंगं फिरतेय, आणि ऐन वेळी केशरच्या मनात येतं — बरोबर आहे ना? बघू बरं! डोळा पाखरावरून निघून मण्यावर येतो. त्या क्षणाला बंदूक थबकते. पाखरू काही थबकत नाही! छरे जातात मागनं, आणि पाखरू जातं पुढनं.

आणि आपण? हातात माळ, तोंडात नाम, आणि डोळा कुठं? किती मणी झाले! शेजारणीचे किती झाले! नाम पुढं निघून गेलं, बाई, आणि आपण मणी मोजत मागं!

मग सुभेदारांनी बोट दाखवलं. “आन् हे डोळ्यावर काय?”

“मानाची पट्टी, काका. आमच्या घरची.”

“सोड.”

“सोडाया येत न्हाई. मान हाय.”

“एका जागी बसलेल्या निशाणाला एक डोळा पुरतो. उडत्याला न्हाई. किती लांब हाय, किती जोरात चाललंय, ते दोन डोळं मिळून सांगत्यात. देवानं दोन दिल्यात. एक तू झाकून ठेवलास, आन् वर देवालाच साकडं घालतीस?”

केशरनं पट्टी सोडली. पण घडी घालून खिशात ठेवली. लक्षात ठेवा — फेकली नाही!

आता तुम्हाला वाटेल, दोन डोळे उघडले, सुटला प्रश्न! अहो, एवढं सोपं असतं तर मी कीर्तन कशाला करते, चष्म्याचं दुकान काढलं असतं! सुभेदारांनी दुसऱ्या दिवसापासून तिची काडतुसंच काढून घेतली. म्हणाले, “नुसता धूर करून काय मिळतंय? चुकीचं शंभरदा केलं तर चूकच पक्की हुती.” मग काय करायचं? तर घरी, रिकामी बंदूक — उघडून बघायची, परत एकदा उघडून बघायची, काडतूस नाही ना — आणि ती कंबरेपासून खांद्याला आणायची. सावकाश. गालाला लागली पाहिजे, दरवेळी त्याच जागी. मग घराच्या आढ्यावर नजर ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फिरवायची. रोज! दूध केंद्रावर जायच्या आधी, आणि आल्यावर.

गावात बोभाटा झाला! शेजारीण दारातून बघून गेली आणि सांगत सुटली, “दळव्याची पोर येडी झाली गं! घरात पालीवर बंदूक धरती!” खेमाजींनी ऐकलं. ते खाटेवर पडून बघत होते, कूस बदलत होते.

पावसाळा गेला, थंडी आली. काडतुसं परत मिळाली, मोजकीच. समोरून सरळ लांब जाणारं पाखरू केशर छान फोडायला लागली. फुटलं की काय आनंद! नारिंगी धूळ उडते, फुलबाजीच जणू! ती म्हणायची, “काका, अजून एक सरळ!” पण डावीकडून उजवीकडे आडवं जाणारं पाखरू आलं की — हुकलं!

सुभेदार म्हणाले, “आजपासनं सरळ बंद. आडवंच.”

“काका, ते मला जमत न्हाई!”

“म्हणून तर! जमतंय तेच करायचं असलं तर हितं कशाला आलीस?”

ऐका मंडळी, नीट ऐका! आपण भक्ती कशी करतो? जमेल ती! उपास करतो — साबुदाण्याचा! रताळ्याचा! वर शेंगदाण्याची आमटी! रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच! पण रागावर उपास सांगितला की? जिभेला उपास सांगितला की? “ते आपल्याला जमत नाही हो बाई!” अहो, जे जमत नाही तिथंच तर देव बसलाय, तुमची वाट बघत!

केशर आडव्या पाखरापुढं रडकुंडीला आली. एक हुकलं की दात खायची, त्या रागात दुसरं हुकायचं, मग तिसरं. एका सकाळी सुभेदारांनी बंदूक उघडायला लावली आणि तिला खाली बसवलं. लिंबाखाली. चहा दिला. विचारलं, “खरं सांग. पाखरू सुटतं तवा तुला काय दिसतं?”

केशरनं चहा खाली ठेवला. मग म्हणाली, “राजा दिसतो, काका. मी हाक मारल्यावर आलेला. आन् मग बंड्या दिसतो.” आणि रडली हो! ढसाढसा रडली. इतके महिने एक थेंब नाही गाळला होता तिनं.

तो फौजी माणूस, पण त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, “पोरी, तू पाखरू फोडत न्हाईस. तू बोकड वाचवतीस. बंदूक घेऊन दोन कामं एका टायमाला हुईत न्हाईत. बंड्याला वाचवायचा असंल तर बार टाकताना बंड्याला इसर.”

“आन् राजाला?”

“राजा गेला. जे गेलं ते गेलं. हुकलेल्या पाखराचं सुतक पाळायचं न्हाई, आन् फुटलेल्याचं पेढं वाटायचं न्हाईत. दोन्ही जमिनीवर पडल्यात. तुझं काय? जे अजून सुटायचंय ते. त्याच्या आधी एक श्वास घे, सोड, मग हाक दे. घाबऱ्या आवाजात हाक दिलीस तर देवी बी घाबरती!”

बघ जे बघायचे, सोड जे सुटायचे,
उरले फुटायचे, फुटेल रे!

आता अर्थ लागला ना ओळीचा? म्हणा की जरा मोठ्यानं! बायकांचा आवाज येतोय, पुरुष मंडळी काय उपाशी आहेत? …हां! असं!

तर चैत्र आला. आडवी पाखरंही फुटायला लागली. सगळी नाही, पण बहुतेक. जत्रेच्या आदल्या सकाळी खेमाजी ओसरीवर बंदुकीला तेल लावत बसले होते. केशर जवळ बसली. भीत भीत म्हणाली, “आबा… उद्या पट्टी न्हाई बांधली तर?”

खेमाजींचा हात थांबला. “काय म्हणालीस?”

“दोन डोळ्यांनी चांगलं दिसतं, आबा. सुभेदार काका म्हणत्यात—”

“सुभेदार आपल्या घरचा हाय का?” ओरडलेच ते! “माझ्या आज्यानं बांधली, बानं बांधली, मी बांधली! गेल्या साली समदं गेलं, केशर. गावात मान वर करून चालता येत न्हाई मला. ऱ्हायली ती ही एवढी पट्टी. ती बी तू काढाया निघालीस?”

लेक काय बोलणार? जिनं बापाला वर्षभर खाली मान घालून चालताना बघितलं, ती काय बोलणार? म्हणाली, “बांधते, आबा.”

काय केलंस, केशर! पण मंडळी, तुम्ही काय केलं असतं? एकीकडे बंड्याचा जीव, दुसरीकडे बापाचा जीव. मला तरी तिला नावं ठेववत नाहीत.

जत्रेचा दिवस! ढोल, ताशे, पिपाण्या, भजी, बत्तासे! देवळासमोर माणूस मावेना. बंड्याला हळद-कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून खुंट्याला बांधलेला. आणि तो काय करतोय? आपल्याच गळ्यातली माळ खातोय! त्याला काय ठाऊक! सुभेदारही आले होते, टोपी घालून, गर्दीत मागं उभे. आणि पाटलांनी सगळ्यांदेखत केशरच्या डाव्या डोळ्यावर लाल पट्टी बांधली.

केशरनं श्वास घेतला, सोडला. हाक दिली — “रानजाईऽऽ!”

सर्रकन पाखरू! आडवं! डावीकडून! आणि डावीकडचं तिला दिसलंच नाही की हो! नजरेत आलं तोवर अर्धं माळरान ओलांडलं होतं. ती गडबडली, घाईनं बंदूक फिरवली — बरोबर आहे ना? — डोळा मण्यावर! ठो!

पाखरू जाळीपलीकडे. अख्खं.

गर्दीतून एक लांब ‘आऽऽ’ निघाला. पाटील गुरवाला म्हणाले, “बोकड सोडा खुंट्यावरनं, जवळ आणा.” बंड्याला आणलं. केशरनं तो बघितला! आता दोन उरली, आणि दोन्ही फुटायला हवीत. एकही हुकून चालणार नाही.

आणि मग मंडळी, गर्दीतून खेमाजी दळवी पुढं आले. खाली मान घालून चालणारा माणूस, सगळ्या गावापुढून चालत आला. केशरला वाटलं, आबा बंदूक काढून घेणार. तिनं बंदूक उघडून हातावर घेतली आणि डोळे मिटले.

त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. लेकीच्या डोक्यामागं हात नेला आणि पट्टीची गाठ सोडली.

पाटील ओरडले, “खेमाजी! मान हाय त्यो! तुझ्या आज्याची रीत हाय!”

आठवण केली नाहीत ना मला? विसरलात! रामजीनं पट्टी का बांधली होती? ऐका आता, खेमाजी काय म्हणाले. पाटलाला नाही म्हणाले ते. लेकीला म्हणाले.

“माझ्या आज्याला डावा डोळाच नव्हता, पोरी. ठासणीची बंदूक फुटून गेला हुता. खोबण लोकांस्नी दिसू नये म्हणून पट्टी बांधायचा. मला ठावं हुतं. माझ्या बाला बी ठावं हुतं. बोलायची लाज वाटली. त्याला नव्हता डोळा, केशर. तुला हाय. उघड.”

मंडळी! ज्याला एकच डोळा होता त्यानं त्या एका डोळ्यानं भेकराचं दुःख बघितलं, आणि रीत मोडली. आणि ज्यांना दोन होते त्यांनी त्याची दया नाही घेतली हो — त्याची पट्टी घेतली!

केशरनं दोन्ही डोळे उघडले. डोळे भरलेले. ते तिनं बाहीनं पुसले. बंड्याकडे नाही बघितलं, पाटलाकडे नाही, आबांकडेही नाही. गेलेलं पाखरू गेलं. एक श्वास. सोडला. आणि हाक दिली ती अशी, की देवळातली घंटा हलली म्हणतात! “रानजाईऽऽ!”

सर्रकन! सरळ! नारिंगी कड डोळ्यात भरली — ठो! फुटलं! धूळ! नारिंगी धूळ! गाव उसळलं! ढोलवाल्यानं टिपरू उचललं, तसा मागून सुभेदारांचा फौजी आवाज आला, “थांब! पेढं नंतर!”

केशर हसलीसुद्धा नाही. नवं काडतूस. श्वास. आता एकच. हे फुटलं तर रामजीचा शब्द राहिला, हुकलं तर दरसाल एक राजा. आणि हे सगळं तिला ठाऊक होतं, तरी तिनं ते बाजूला ठेवलं, देवळात येताना आपण चपला ठेवतो तसं. हाक दिली.

सर्रकन — आडवं! डावीकडून उजवीकडे! तेच! न जमणारं! वर्षभर जिनं रडवलं तेच! पण आता तो डावा डोळा उघडा होता, मंडळी! सुटल्या सुटल्या दिसलं. पाखराची पुढची कड तेवढी दिसली — ना टोक, ना मणी, ना बोकड, ना बाप. बंदूक आढ्यावरून फिरावी तशी फिरली, फिरतच राहिली, थबकली नाही — ठो!

फुटलं!

अहो, टाळ्या मला नका देऊ, केशरला द्या! गाव नाचलं! गुरवानं नारळ फोडला. आणि खेमाजी? ते खाली बसले मातीत, तोंड झाकून. सुभेदारांनी आपली टोपी काढून त्यांच्या हातात दिली — डोळे पुसायला. एवढ्या उन्हाळ्यात ती टोपी पहिल्यांदा कामाला आली!

आणि या सगळ्या गोंधळात बंड्याचा दोर सुटला. तो आला थेट केशरच्या पायाशी. खाली काहीतरी लाल पडलं होतं. हुंगलं. आणि चघळायला लागला! पाटील धावले, “अरं! मानाची पट्टी! बोकडानं खाल्ली! वढा! वढा तोंडातनं!”

खेमाजींनी हात आडवा केला. रडत होते आणि हसत होते. म्हणाले, “खाऊ दे, पाटील. आजचा मान त्याचाच हाय.”

तर मंडळी, मी विचारलं होतं — दोष कुणाचा? हाताचा? केशरचा हात आधीही तोच होता. नशिबाचा? ते न जमणारं आडवं पाखरू तर शेवटच्या बारालाच आलं! देवाचा? त्यानं तर दोन डोळे देऊन ठेवले होते, मागायच्या आधीच!

पट्टीला शिव्या देऊन मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही. पट्टी सुटली, पण आढ्याखाली कोण उभं राहिलं रोज? आडवं पाखरू कोण फोडत बसलं, सरळ सोडून? नुसती पट्टी काढून पाखरू फुटत नाही, आणि पट्टी बांधून नुसते कष्ट केले तरी फुटत नाही.

आता मला सांगा, तुमच्या डोळ्यावर कुणाची पट्टी आहे? काका, तुम्ही भावाशी बोलत नाही — का? वडील बोलत नव्हते म्हणून! वहिनी, तुम्ही सुनेला माजघरात बसवता — का? तुमच्या सासूनं तुम्हाला बसवलं म्हणून! त्यांच्या जखमा होत्या त्या, बाई, त्यांनी झाकल्या. आपण निरोगी डोळ्यावर बांधून हिंडतोय आणि वर म्हणतोय — मान आहे!

तुम्हाला ती स्वतःला सोडवत नसेल. केशरलाही नाही सोडवली. गाठ डोक्यामागं असते. म्हणून आज घरी गेल्यावर आपली नका शोधू. ज्याच्या डोळ्यावर तुम्ही बांधलीत — लेक असेल, सून असेल, धाकटा भाऊ असेल — त्याच्या मागं जाऊन उभे राहा, आणि हळूच गाठ सोडा. एवढंच म्हणा: मला जमलं नाही. तुला दिसतंय. उघड.

म्हणा, शेवटचं, सगळ्यांनी, दोन्ही डोळे उघडे ठेवून —

बघ जे बघायचे, सोड जे सुटायचे,
उरले फुटायचे, फुटेल रे!

रानजाईचा जयजयकार असो, मातीच्या पाखराचा असो, आणि बंड्याचाही असो! आरतीचं ताट येतंय, उठू नका. चपला आहेत तिथंच आहेत!